निळ्या मातीखालचा बोअर

थर्झा प्रिव्हेटच्या हाताखाली मी सोळा वर्षं वॉटरक्रेसच्या जुड्या बांधल्या. वाहत्या पाण्यात वाढणारी ही तिखट पालेभाजी एल्डरकोम गावचं पोट भरायची, आणि गावातले सर्वांत चांगले वाफे थर्झाचे होते. पाणी तिच्या तीन बोअरमधून आपोआप वर यायचं, पंप लागायचा नाही. उन्हाळा असो की बर्फ, पाणी तेवढंच गार. कडाक्याच्या थंडीत तर त्यातून वाफ निघायची आणि आम्ही बायका बोटं शेकायला त्यात हात घालायचो.

थर्झा तेव्हा चौसष्ट वर्षांची. लग्न केलं नव्हतं. अंगात बापाची जुनी बंडी, पायात मांड्यांपर्यंत रबरी बूट आणि तोंडात न पेटवलेली विडी. ती कुणाला टाकून बोलली तर त्या माणसाला दुपारी जेवताना कळायचं की आपला अपमान झाला. बाप जोब प्रिव्हेट बोअर मारणारा होता. वाफ्यांखालचे तिन्ही बोअर त्यानंच मारलेले. तो जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण बोलताना ती अजून त्याला वर्तमानकाळात ठेवायची. 'माझा बाप म्हणतो', असं.

एकोणीसशे सहासष्टच्या सप्टेंबरात गावात गॅस मंडळाची गाडी आली. गॅस सरकारी होऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. आता सरकारी गॅस मंडळाला उन्हाळ्यात उरलेला गॅस हिवाळ्यासाठी साठवायचा होता, आणि तो साठवायला टाक्या नकोत, जमीन हवी होती. आमच्या पायाखाली आधी खडूचा पांढरा दगड, त्याखाली निळ्या चिकणमातीचा जाड थर, आणि त्याखाली पाणी धरलेला वाळूचा दगड. त्या वाळूत गॅस दाबून भरायचा. निळी माती झाकणासारखी वर बसलेली, त्यामुळे गॅस वर यायचा नाही. आदल्याच वर्षी त्यासाठी पार्लमेंटनं कायदा केला होता.

मंडळाचे इंजिनिअर मि. विंगेट यांनी शाळेच्या हॉलमध्ये नकाशा टांगला. लाल रेघेच्या आत गॅस राहणार. निळ्या रेघेच्या आत, म्हणजे भोवतालच्या राखीव पट्ट्यात, कुणीही ठरावीक खोलीखाली खणायचं नाही. अख्खं एल्डरकोम लाल रेघेत होतं, चर्चसकट.

"म्हणजे माझ्याच जमिनीत खाली जायला मला लंडनची परवानगी?" थर्झा मागच्या बाकावरून म्हणाली.

"मंत्र्यांची संमती लागेल, होय." विंगेट सभ्य माणूस होता. पन्नाशीचा, चष्म्याच्या काचा सारख्या पुसणारा. "पण मिस प्रिव्हेट, तुम्ही इतक्या खोल कशाला जाल?"

"ते मी ठरवीन."

कुणीतरी हसलं. विंगेटनं समजूत घातली. कायद्यात रहिवाशांची पुरेपूर काळजी घेतली आहे, म्हणाला. साठवलेला गॅस कुठून वर आला आणि नुकसान झालं, तर मंडळाची चूक असो वा नसो, भरपाई मंडळानंच द्यायची.

"असं लिहिलंय?"

"स्पष्ट लिहिलंय."

"मग तो वर येऊ शकतो हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं," थर्झा म्हणाली. आता कुणी हसलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिनं विंचेस्टरहून तो कायदा मागवला. पातळ, निळसर पुस्तिका. जुड्या बांधायच्या शेडमध्ये चहाच्या सुट्टीत ती मला वाचायला लावायची, कारण तिचा चष्मा कधी सापडायचा नाही. एकेक कलम दोनदा, तीनदा. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. तिला कळायचं. एका कलमात होतं, की रेघेच्या आतल्या विहिरी, बोअर आणि जुने खाणीचे उभे खड्डे यांवर मंडळ सक्तीनं हक्क घेऊ शकतं. वापरायला, तपासायला किंवा बुजवायला. ती थांबली.

"पुन्हा वाच."

मी वाचलं.

"म्हणजे भोकांना ते घाबरतात," ती म्हणाली, आणि चहा तसाच टाकून वाफ्यात उतरली.

पुढच्या महिन्यात मंडळानं गावातल्या बोअरची यादी लावली. एकवीस बोअर, प्रत्येकाची खोली. थर्झाचे तीन: दीडशे, एकशे साठ, एकशे ऐंशी फूट. सगळे खडूतच संपणारे. निळ्या मातीपर्यंत पोचणारा एकही नाही, म्हणून झाकण अखंड आहे, असं खाली टाइप केलेलं. यादी पोस्टाच्या दाराला लावली होती. थर्झा पावसात उभी राहून ती किती वेळ वाचत होती. मला वाटलं, ती बेत रचतेय. पण ती शेडमध्ये आली तेव्हा तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा होता.

"नेल, दार लाव," ती म्हणाली.

मग तिनं मला सांगितलं. एकवीस सालचा दुष्काळ. बोअरचं पाणी आटत चाललेलं. जमीन तेव्हा जहागीरदाराची होती, प्रिव्हेट नुसती कुळं, आणि भाडेपट्ट्यात लिहिलेलं की दोनशे फुटांखाली बोअर मारायचा नाही. जोबनं चौथा बोअर घेतला. वाफेवर चालणारं यंत्र, आणि मदतीला एकोणीस वर्षांची थर्झा. खडू साडेतीनशे फुटांवर संपला. पाणी नाही. तो निळ्या मातीत घुसला. सात आठवडे ते त्या मातीत होते. ती पार करून खालच्या वाळूत गेले तेव्हा पाणी आलं, जोरात आलं, पण तांबडं, कुजक्या अंड्याच्या वासाचं. दोन दिवसांत वरचा वाफा पिवळा पडला. जोबनं नळीत खालून निघालेली माती कोंबली, वर ओकचं खोड तासून ठोकलं, लोखंडी झाकण बसवलं, आणि त्यावर वाफा वाढवून घेतला. जहागीरदाराच्या कारभाऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाला, एकशे ऐंशीवर कोरडं लागलं, सोडून दिलं.

"खरी खोली किती?" मी विचारलं.

"सहाशे वीस."

"मग सांगून टाका ना. त्यांचं झाकणच फुटलं की."

"माझ्या बापाला आख्खा जिल्हा प्रामाणिक म्हणून ओळखतो, नेल. त्याचं थडगं चर्चच्या दाराजवळ आहे. लोक जाता येता टोपीला हात लावतात." तिनं सुरी उचलली, खाली ठेवली. "आणि ज्या वाफ्याखाली ते भोक आहे तो माझा तिसरा वाफा आहे. सगळ्यात चांगला."

"मग गप्प राहा. कुणाला कळणार आहे?"

"गॅसला कळेल," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं कुजत पडलेलं ओकचं खोड. खालून ते दाबणार. आणि तिसऱ्या वाफ्यापलीकडे काय आहे?"

पलीकडे शाळा होती.

चौकशी सदुसष्टच्या मार्चमध्ये झाली. कायद्यानं हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं, म्हणून मंत्र्यांनी नेमलेला एक म्हातारा अधिकारी आला आणि बाजाराच्या गावातल्या धान्याच्या लिलावघरात पाच दिवस बसला. थर्झाची पाळी तिसऱ्या दिवशी. तिनं बूट घातले नव्हते, आईचा काळा कोट घातला होता, आणि त्यात ती ओळखू येत नव्हती. पण तोंड उघडल्यावर ओळखू आली. सगळं सरळ सांगितलं. साल, खोली, पाण्याचा रंग, बाप काय खोटं बोलला ते.

मंडळाचे वकील उभे राहिले. उंच, देखणे, आवाज गोड. "मिस प्रिव्हेट, तुमच्या वडिलांनी मालकाला एकशे ऐंशी फूट सांगितलं. तुम्ही आज आम्हाला सहाशे वीस सांगता. म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय."

"बरोबर."

"कोण?"

"माझा बाप तेव्हा खोटं बोलला. मी आता खरं बोलतेय. दोन्ही लिहून घ्या."

"याचा काही कागद? नोंद?"

"चोरून मारलेल्या बोअरची नोंद ठेवतात का तुमच्याकडे?"

लिलावघर हसलं. वकील हसले नाहीत. "मग ही योजना तुम्हाला नकोय, एवढाच याचा पुरावा."

"पुरावा माझ्या वाफ्याखाली आहे. या, खणा."

"त्याची गरज नाही, हकिकत..."

"तुमच्या कायद्यात तुम्हाला माझा बोअर सक्तीनं घ्यायचा हक्क आहे," थर्झा म्हणाली. "मी तो ताटात वाढून देतेय, तर घेत नाही?"

चौकशी अधिकाऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि मि. विंगेटला विचारलं, की असा बोअर असला तर योजनेला फरक पडेल का. विंगेटनं पुढ्यातले कागद मिटले. मग म्हणाला, "पडेल." त्याच्या वकिलानं त्याच्याकडे असं पाहिलं की मला विंगेटची दया आली.

खणणं एप्रिलमध्ये ठरलं. एप्रिल म्हणजे क्रेसचा ऐन हंगाम, ईस्टरनंतर लंडनला सगळ्यांत जास्त माल जातो तेव्हाचा. थर्झानं तिसऱ्या वाफ्याचं पाणी स्वतः पाट फोडून वळवलं. क्रेस कापली नाही, मुळासकट उपटली, कारण मुळं राहिली तर खणणाऱ्यांचे पाय अडकतील. आम्ही पाच बायका दोन दिवस तेच करत होतो. हिरवीगार, गुडघाभर वाढलेली पालेभाजी काठावर ढीग घालून सुकत होती. चालताना ती पायाखाली करकरायची. 

मंडळाच्या माणसांनी तिनं दाखवलेल्या जागी खणायला घेतलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी खडीचा थर, त्याखाली खडू, बाकी काही नाही. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव काठावर जमलं होतं. पबचा मालक सिड टब सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, मग घेऊनच आला. तो योजनेच्या बाजूचा होता. मंडळाचे कामगार आले तर त्याच्या खोल्या भरणार होत्या.

"थर्झा," तो म्हणाला, "तुझ्या बापानं बोअर गुंडाळून बरोबर नेलेला दिसतोय."

"सिड, तुझ्या बापानं बिअरमध्ये ओतलेलं पाणी आमच्याच विहिरीचं होतं. त्याची खोली मला ठाऊक आहे."

लोक हसले, पण पूर्वीसारखं नाही. विंगेटचा मुकादम फावडी गाडीत टाकू लागला. थर्झा रिकाम्या वाफ्याच्या मधोमध उभी होती. एकदा शाळेकडे, एकदा ओढ्याकडे पाहत. मग तिनं पावलं टाकायला सुरुवात केली. मोठमोठी, पुरुषासारखी, बाप टाकायचा तशी. आल्डरच्या झाडापासून बारा पावलं. थांबली. परत गेली. झाडाला हात लावून पाहिला.

"हे झाड ते नाही," ती म्हणाली. "ते सदतीसच्या वादळात पडलं. हे मी लावलंय. मि. विंगेट, चार यार्ड अलीकडे."

"मिस प्रिव्हेट, मला दोनच दिवसांची मंजुरी होती."

"मग तुम्ही चहा प्या. फावडं मला द्या."

तिनं खरंच घेतलं. चौसष्ट वर्षांची बाई, मांड्यांपर्यंत बूट, चिखलात फावडं मारू लागली. मुकादम विंगेटकडे पाहत राहिला. विंगेटनं चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला, कोट मुकादमाच्या हातात दिला आणि दुसरं फावडं उचललं. त्यानंतर मुकादमाला गाडीत बसवेना. आणखी तिघे उतरले. उजेड असेपर्यंत खणत होते. काही लागलं नाही, पण विंगेट जाताना म्हणाला, "सकाळी आठला येतो. मंजुरीचं मी बघतो."

सकाळी साडेनऊला फावडं लोखंडावर वाजलं.

झाकण निघालं. नऊ इंच रुंद नळी. विंगेटनं वजन बांधलेली दोरी सोडली. सत्तर फुटांवर ठक्क. वकिलांनी पाठवलेला एक तरुण कारकून वहीत लिहीत होता. तो म्हणाला, "सत्तर फूट. म्हणजे एकशे ऐंशीही नाही."

"ते ओक आहे," थर्झा म्हणाली. "फोडा."

त्यासाठी यंत्र आणावं लागलं, आणि ते आणायला नऊ दिवस लागले. या नऊ दिवसांत गावानं ठरवून टाकलं की म्हातारी चळली. चर्चमध्ये जोबच्या थडग्याजवळून जाताना लोक टोपीला हात लावायचं विसरू लागले. दोघी बायकांनी जुड्या बांधायचं काम सोडलं. जहागीरदाराच्या नातवाच्या सॉलिसिटरचं पत्र आलं. एकवीस सालच्या भाडेपट्ट्याचा भंग झाल्याची कबुली मिस प्रिव्हेट यांनी जाहीरपणे दिल्याचं आमच्या कानावर आलं आहे, वगैरे. ती जमीन प्रिव्हेटांनी विकत घेऊन तीस वर्षं झाली होती. थर्झानं मला उत्तर लिहायला बसवलं. "लिही. 'होय, केला. पुढे?' आणि खाली सही."

"एवढंच?"

"आदरपूर्वक आपली, असं घाल हवं तर."

यंत्र आलं. पहिल्या दिवशी ओकचे काळे कपचे वर आले, मग दहा फूट कोंबलेली माती. ती खडूसारखी पांढरी नव्हती. निळसर राखाडी, लोण्यासारखी मऊ. विंगेटनं ती बोटांत चोळली, जिभेला लावली, आणि थर्झाकडे पाहिलं. निळी माती साडेतीनशे फुटांच्या वर कुठेच नाही, हे त्याच्याच नकाशावर होतं. ती सत्तर फुटांवर कुणीतरी खालून काढून कोंबल्याशिवाय येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र एकदम मोकळं फिरलं. काढून घेतलं तसं नळीतून पाणी चढू लागलं. आधी गढूळ, मग तांबडं. वास आम्हाला काठावर आला. सिड टबनं हातातला मग खाली ठेवला. पाणी नळीच्या काठावरून सांडून उपटलेल्या वाफ्यात पसरत गेलं.

विंगेटनं पुन्हा दोरी सोडली. दोरी जातच राहिली. आम्ही सगळे ती रिळावरून सुटताना पाहत होतो. थांबली तेव्हा त्यानं मोजलं, वर ओढून पुन्हा सोडलं, पुन्हा मोजलं. वहीत आकडा लिहून त्यानं वही थर्झापुढे धरली.

"सहाशे बारा," तो म्हणाला.

"वीस," थर्झा म्हणाली. "तळाला आठ फूट गाळ असेल."

"असेल," विंगेट म्हणाला. मग हळू आवाजात, "मिस प्रिव्हेट, आणखी अडीच वर्षांनी हे आम्हाला दुसऱ्या रीतीनं कळलं असतं."

"म्हणूनच सांगितलं ना."

तिला विजय झाल्यासारखं वाटत नव्हतं. ती तांबडं पाणी पाहत होती. ते पसरत दुसऱ्या वाफ्याकडे निघालं होतं. तिनं बांध घालायला हाका मारल्या आणि आम्ही सगळ्या धावलो. सिड टबसुद्धा उतरला, चांगले बूट घालून.

नदी खात्याच्या माणसानं बोअर तळापासून सिमेंटनं भरायला सांगितलं. तिनं हुज्जत घातली नाही. शेवटच्या पोत्यापर्यंत काठावर उभी राहिली. तिसऱ्या वाफ्यात पुढे क्रेस धरली नाही. दोनदा लावून पाहिली, पिवळी पडली.

ऑक्टोबरात मंत्रालयाचं पत्र आलं. बदललेल्या गरजा लक्षात घेऊन मंडळानं एल्डरकोमचा अर्ज मागे घेतला आहे. दोन ओळी. समुद्राखालचा गॅस सापडल्याचं वर्तमानपत्रांत येत होतं, तेव्हा गरजा बदलल्याही असतील. गावात घंटा वाजवली. टबनं पिंप फोडलं. थर्झानं पत्र वाचलं आणि भडकली.

"बोअरचा शब्दही नाही यात."

"पण गॅस येत नाही ना," मी म्हटलं. "झालं की."

"काय झालं? माझ्या बापाला मी भर लिलावघरात खोटारडा म्हटलं. माझा वाफा गेला. आणि हे लिहितात, गरजा. उद्या दुसरं कुणी हीच जागा बघायला येईल तेव्हा त्याच्या यादीत आमचा सगळ्यांत खोल बोअर किती असेल? एकशे ऐंशी."

तिनं मंत्रालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, विषय संपलेला आहे. तिनं पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. मग तिला विंगेटनं एका साध्या पाकिटातून पत्ता पाठवला. देशातल्या बोअरची नोंद ठेवणारं एक भूगर्भ कार्यालय लंडनला होतं, आणि कुणीही तिथे फॉर्म भरून पाठवू शकत होतं. विंगेटनं सही करून मोजमापाची नक्कल सोबत जोडली होती. ती त्यानं मंडळाला विचारून पाठवली असेल असं मला वाटत नाही.

फॉर्म आम्ही शेडमध्ये भरला. या वेळी तिनं चष्मा शोधला आणि स्वतः लिहिलं. जागा. साल. खडू तीनशे पन्नास फुटांपर्यंत. निळी चिकणमाती, तिच्या खाली वाळू. पाण्याचा रंग तांबडा, वास घाण. खोली सहाशे वीस. उद्देश या रकान्यात तिनं लिहिलं, 'पाणी हवं होतं'. जमीनमालकाला कळवलेली खोली, असा रकाना नव्हता. तो तिनं समासात स्वतः पाडला, आणि लिहिलं, 'एकशे ऐंशी, खोटी'. बोअर मारणाऱ्याचं नाव: जोब प्रिव्हेट आणि मुलगी थर्झा.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. सोबत एका कारकुनाची चिठ्ठी. बोअर मारणाऱ्याच्या रकान्यात फक्त व्यवसाय करणाऱ्याचं नाव अपेक्षित आहे, कृपया घरातल्या माणसांची नावं वगळावीत.

तिनं चिठ्ठी वाचली, विडी पेटवली, जी ती कधी पेटवायची नाही. फॉर्म त्याच पाकिटात घातला, एक अक्षर न बदलता, आणि मी पोस्टात टाकला. तो पुन्हा परत आला. तिनं पुन्हा पाठवला. चिठ्ठीच्या मागे या वेळी तिनं लिहिलं होतं: 'सात आठवडे त्या मातीत मी होते. तुम्ही नव्हता.'

त्यानंतर फॉर्म परत आला नाही. फेब्रुवारीत पोच आली, शिक्का मारलेली, नोंदणी क्रमांकासकट. दोन्ही नावं होती. तिनं ती कुठे टांगली वगैरे नाही. वाचली, पिठाच्या डब्यामागे ठेवली, आणि म्हणाली, "चल नेल, दुसऱ्या वाफ्यात शेवाळ धरलंय."